पन्नासची प्राइम की अठरा-दोनशेची झूम?

प्रश्न: माझ्याकडे कॅनन १५००डी आहे आणि त्याच्यासोबत आलेल्या १८-५५ व ५५-२५० या दोन लेन्स. मुलगी कथक शिकते. गेल्या वर्षी तिच्या क्लासच्या कार्यक्रमात काढलेले बहुतेक फोटो हललेले तरी आले, नाहीतर दाणेदार. यंदा डिसेंबरात पुन्हा कार्यक्रम आहे, त्याच्या आधी पुतण्याचं लग्न. पावसाळ्यात गड आणि सप्टेंबरात कास ठरलेलंच. वीस हजारांपर्यंत खर्च करू शकते. दुकानदार म्हणतात, १८-२०० घ्या, सगळं एकातच होईल. भाचा म्हणतो, पन्नासची प्राइम घे आणि झूम विकून टाक. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, कराड

उत्तर: ताई, भाच्याचं अर्धं ऐका, दुकानदारांचं या वेळी नको. ५० एमएम एफ/१.८ एसटीएम घ्या. ही प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स. नवी साधारण दहा हजारांच्या आसपास मिळते. जुन्या दोन्ही लेन्स मात्र ठेवा. विकून हाती फारसं काही यायचं नाही आणि लग्नात १८-५५ वाचून अडेल. उरलेल्या पैशांचं पुढे येतंच.

आधी १८-२०० का नको ते सांगतो. तुमच्या १८-५५ च्या पुढच्या कड्यावर १:३.५-५.६ असं छापलेलं आहे. म्हणजे १८ एमएमला अपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र; एफचा आकडा लहान तेवढं ते मोठं) एफ/३.५ पर्यंत उघडतं, झूम फिरवत नेली की आवळत जातं आणि पन्नाशीच्या आसपास एफ/५.६ वर येतं. कॅननच्या १८-२०० वरही हेच आकडे आहेत. ती लेन्स बदलायचा त्रास वाचवते, पण सभागृहातला अंधार तिला तुमच्या आताच्या लेन्सइतकाच जड जाईल. शिवाय वजन सहाशे ग्रॅमच्या घरात. तुमची तक्रार लेन्स बदलण्याची नाहीच, उजेडाची आहे.

हललेला आणि दाणेदार, हे दोन्ही दोष एकाच कारणाचे. उजेड कमी पडला की कॅमेरा शटर सावकाश चालवतो, म्हणून फोटो हलतो. शटर वेगवान ठेवलं तर आयएसओ (उजेडाला प्रतिसाद देण्याची पातळी) चढवतो, म्हणून दाणे दिसतात. समजा, तुमच्या सभागृहात एफ/५.६ वर आयएसओ ६४०० लावूनही शटर १/६० सेकंदाचंच मिळतंय. ६४०० ही १५००डीची नेहमीची कमाल मर्यादा, म्हणजे वर जायला जागा उरली नाही. तिथेच पन्नासची लेन्स एफ/२ वर लावली की उजेड आठपट होतो. त्यातला चौपट शटरला द्या आणि दुप्पट आयएसओला: १/२५० आणि ३२००. १/६० ला कथकमधला हात म्हणजे नुसता पट्टा दिसतो, १/२५० ला बोटं वेगवेगळी दिसतात. दहा हजारांत हा एवढा फरक दुसऱ्या कुठल्याच मार्गाने पडत नाही.

लेन्स एफ/१.८ ची असताना एफ/२ का, तर पूर्ण उघड्यावर ही लेन्स जराशी मऊ असते, कडांना जास्तच, आणि उजेडातल्या चंदेरी दागिन्यांच्या कडेला जांभळट रेघ येते. एफ/२.८ ला ती चांगली धारदार होते. उजेड पुरत असेल तर २.८, नसेल तर २.

इथे एक शंका येते. लेन्सवर आयएस लिहिलंय, मग फोटो हलला कसा? आयएस तुमच्या हाताचा कंप सावरतो, मुलीची गिरकी त्याला थांबवता येत नाही. पन्नासच्या लेन्समध्ये आयएस नाही, पण १/२५० ला त्याची गरजही नाही. स्थिर माणसाचा फोटो काढताना मात्र ही लेन्स १/१०० च्या खाली हातात धरून वापरू नका.

आता अंतराचा हिशेब, कारण प्राइम घेणारे बहुतेकजण फसतात ते इथे. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ मिलिमीटर रुंद आहे. जेवढी रुंदी फोटोत हवी, तिला फोकल लेंथने (लेन्सवरच्या एमएमच्या आकड्याने) गुणा आणि २२.३ ने भागा, की किती लांब उभं राहायचं ते मिळतं. पन्नासची लेन्स ८ मीटरवरून साडेतीन मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच एवढा भाग पकडते. पहिल्या-दुसऱ्या रांगेतून रंगमंचाच्या मध्यावर नाचणारी मुलगी नखशिखान्त, आणि हात फैलावले तरी आत. याहून चांगलं अंतर नाही. मागे १५ मीटरवर जागा मिळाली तर ती फोटोत लहान येईल आणि कापून घ्यावं लागेल. २४ मेगापिक्सेलमधून तिच्यापुरता भाग कापला तर उंचीला दोन हजारांच्या जरा खाली पिक्सेल उरतात. फोनवर छान दिसतं आणि ४ बाय ६ इंचाची प्रिंटही नीट निघते, त्याहून मोठी नको. म्हणून कार्यक्रमाला अर्धा तास आधी जाऊन पुढची खुर्ची धरणं हा या खरेदीचाच भाग समजा.

हीच लेन्स घरात नेली की चित्र उलटतं. उभ्या माणसाचा पूर्ण फोटो, डोक्यावर-पायाखाली थोडी जागा सोडून दोन मीटर उंचीचा, कॅमेरा उभा धरून काढायचा तर साडेचार मीटर म्हणजे जवळपास पंधरा फूट मागे जायला हवं. दहा बाय बाराच्या खोलीत तुम्ही भिंतीला टेकाल आणि तरी पाय कापले जातील. तीन मीटर रुंदीत बसलेल्या घरच्या मंडळींचा ग्रुप फोटो काढायला पन्नासला बावीस फूट लागतात, १८ ला आठ फूट पुरतात. खोलीत किट लेन्सच, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५च, चालणार. 'पायांनी झूम करा' असं जे सांगतात, त्यांच्यामागे भिंत नसते.

त्या सल्ल्यात आणखी एक खोट आहे. मागे-पुढे चालल्याने माणूस तेवढाच दिसला तरी पार्श्वभूमी तेवढीच राहत नाही. राजगडावर सुवेळा माचीवर कुणाला उभं केलंत आणि मागे बालेकिल्ला घेतलात, की २४ एमएमने तीन मीटरवरून काढलेल्या फोटोत माणूस जेवढा येईल, तेवढाच तो ५० ने सव्वासहा मीटरवरून येईल. पण दुसऱ्या फोटोत बालेकिल्ला दुप्पट मोठा दिसेल. दोन्ही फोटो चांगले असू शकतात, ते एक नव्हेत एवढंच. नाक मोठं दिसणं, चेहरा फुगणं हेही लेन्सचं नसून जवळ जाण्याचं फळ आहे. चेहऱ्यापासून दीड मीटरच्या आत शिरू नका, मग लेन्स कुठलीही असो.

लग्नात कॅमेऱ्यावर १८-५५ च राहू द्या. मंगलाष्टकं संपली की अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, हार घातले जातात, आणि हे सगळं मिनिटाभरात उरकतं. समोर भाड्याचे फोटोग्राफर, व्हिडिओवाले आणि त्यांचे दिवे. तुम्हाला कधी दोन मीटर जागा मिळेल, कधी पाच. तिथे पिशवी उघडून लेन्स बदलणाऱ्याला हार घालून झालेले दिसतात. किट लेन्सची अडचण अशी की झूम लांब नेली की ती आंधळी होत जाते, म्हणून सवय उलटी लावा: २४ ते ३० च्या आसपास ठेवायची आणि झूम फिरवण्याआधी एक-दोन पावलं पुढे सरकायचं. तिथे एफ/४ च्या जवळपास मिळतं, म्हणजे ५५ च्या टोकापेक्षा दुप्पट उजेड. आयएसओ १६०० किंवा ३२००, शटर १/१००.

१/१०० हा आकडा सहज दिलेला नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून कार्यालयातल्या स्वस्त एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० असेल तर प्रत्येक फोटोत एक किंवा दोन पूर्ण फेऱ्या पडतात आणि उजेड सारखा राहतो. १/२५० ला एक फोटो उजळ, पुढचा काळपट, कधी अर्ध्या फोटोवर पिवळट पट्टा असं होतं. सभागृहातही दिवे तसेच निघाले तर एकेक फोटो न काढता बटण दाबून ठेवून तीन-चार सलग काढा, त्यातला एक तरी नीट पडतो.

पन्नासची लेन्स लग्नात कधी? मेंदीला, हळदीला, नवरी तयार होत असताना, जेवणाच्या पंगतीनंतर आजी निवांत बसलेल्या असताना. खिडकीपाशी बसवा, एफ/२.८, दोन मीटर अंतर. या लेन्सची खरी मजा तिथे आहे, आणि खरी अडचणही. दोन मीटरवर एफ/१.८ ला स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली जेमतेम ११ सेंटिमीटर असते, दीड मीटरवर सहा. एक डोळा लख्ख, दुसरा पुसट. एफ/२.८ ला दोन मीटरवर ती १७ होते आणि एफ/४ ला २४, तेव्हा दोन चेहरे शेजारी असले तर एफ/४ च्या पुढेच राहा. ही भीती सभागृहात बाळगू नका. आठ मीटरवर एफ/२ लाही ती खोली दोन मीटरच्या जवळ जाते.

फोकसचा मधला बिंदूच वापरा. १५००डीवर नऊ बिंदू आहेत, पण मधला एकच क्रॉस प्रकारचा आहे आणि अंधुक उजेडात तोच भरवशाचा. बाकीचे काळ्या पडद्यापुढे चाचपडतात. चेहऱ्याचा फोटो असेल तर मधल्या बिंदूने डोळा धरून मग कॅमेरा फार वळवू नका. एफ/१.८ ला तेवढ्या वळवण्यानेही फोकस कानावर जातो. जरा रुंद काढून नंतर कापणं बरं.

कार्यक्रमासाठी सेटिंग अशी. एम मोड, एफ/२, १/२५०, आयएसओ ३२००, फोकस एआय सर्व्हो (हलत्या माणसामागे फिरत राहणारा), फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरच्या भरवशावर राहू नका, कारण मागे काळा पडदा असतो. त्याला उजळ करण्याच्या नादात कॅमेरा चेहरा पांढराफटक करतो. पहिल्या वंदनेच्या वेळी दोन फोटो काढून गालाचा रंग पाहा, पांढरा पडला असेल तर आयएसओ एक पायरी खाली. त्यानंतर दिवे बदलतील तसं फक्त आयएसओ हलवायचं. चक्कर आणि तत्कार गोठवायला १/५०० लागतं आणि तेवढा उजेड बहुधा नसतोच, म्हणून तिथे फार फोटो वाया घालवू नका. तिहाई, म्हणजे तीनदा येऊन समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) संपणारा तुकडा, धरून ठेवा. तिसऱ्यांदा तुकडा संपताना समेवर नर्तकी क्षणभर थांबते, नजर आणि हात दोन्ही जागेवर असतात. तुम्ही मुलीचा रियाज रोज ऐकता, सम कधी येणार ते तुम्हाला आधीच कळतं. बटण समेच्या किंचित आधी दाबा. फ्लॅश मात्र बंद, नाचणाऱ्यांच्या डोळ्यांवर येतो.

कासला काय, हे थोडक्यात. फुलांसाठी प्राइम हवीच असं सगळे गृहीत धरतात, पण पन्नासची लेन्स ३५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही. तिने जास्तीत जास्त जवळून काढलेल्या फोटोत साडेदहा सेंटिमीटर रुंदी मावते. तुमची १८-५५ पंचवीस सेंटिमीटरपर्यंत जाते आणि ५५ ला साडेसहा सेंटिमीटर रुंदी भरते. सीतेच्या आसवांसारख्या इवल्या फुलांना तीच बरी, एफ/८, ढगाळ उजेडात आयएसओ ४००-८००. गडावरचे रुंद देखावेही १८ एमएमनेच, आणि एफ/८ ला भर दिवसा काढलेला फोटो किट लेन्सचा की महागड्या प्राइमचा हे फोनवर कुणाला ओळखता येत नाही. धुक्यात-पावसात लेन्स बदलायची नाही, हा नियम मोडू नका. घरी आल्यावर कॅमेरा पिशवीतून काढून पंख्याखाली कोरडा करा, मग हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत. ओल्या पिशवीत आठवडाभर राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते आणि ती काचेवरचं कोटिंग खाते.

उरलेल्या दहा हजारांत बाउन्स करता येणारा फ्लॅश घ्या, दुसरी लेन्स नको. खोलीत पांढऱ्या छताकडे तोंड करून तो उडवला की किट लेन्स एफ/५.६, आयएसओ ८००, १/१०० वर सुंदर काम करते, आणि ग्रुपमधली मागची रांगही स्पष्ट येते. उंच छताच्या कार्यालयात याचा उपयोग नाही, आणि लाल-पिवळ्या मांडवाखाली तर चेहरेच त्या रंगाचे होतात. घेताना एक सांभाळा: १५००डीच्या हॉट शूला (वर फ्लॅश बसवायच्या खाचेला) मधला सिंकचा संपर्कबिंदू दिलेला नाही, त्यामुळे एकाच पिनवर चालणारे स्वस्त मॅन्युअल फ्लॅश त्यावर उडतच नाहीत. कॅननचं ई-टीटीएल (फ्लॅशचा जोर आपोआप ठरवणारी पद्धत) चालवणारा घ्या आणि दुकानात स्वतःच्या कॅमेऱ्यावर उडवून पाहा.

वीस हजारांत १७-५० एफ/२.८ अशी झूम जुनी मिळाली तर? सिग्मा आणि टॅमरॉन दोघांनीही ती कॅननसाठी काढली होती. लग्न हेच मुख्य काम असतं तर मी तीच सुचवली असती, कारण ती सगळ्या पल्ल्यात एफ/२.८ देते, ५५ च्या टोकाशी तुलना केली तर चौपट उजेड. पण सभागृहात पन्नासची एफ/२ तिच्याही दुप्पट उजेड घेते, आणि जुन्या झूममध्ये बिघडायला जागा जास्त. मोह झालाच तर मागून टॉर्च मारून आत बुरशीचं जाळं आहे का पाहा, आणि भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवून टेबलावरून १७, ३५ आणि ५० ला एफ/२.८ वर फोटो काढा. चार कोपऱ्यांतला एकच कोपरा बाकीच्यांपेक्षा फार पुसट असेल तर आतली काच सरकलेली आहे. सोडून द्या.

पैसे देण्याआधी एक फुकटचं काम करा. गेल्या वर्षीचे मूळ फोटो संगणकावर घ्या, व्हॉट्सॲपवरून आलेले नकोत, त्यांतली माहिती गळून पडलेली असते. विंडोजमध्ये फोल्डर डिटेल्स व्ह्यूमध्ये उघडा, वरच्या पट्टीवर उजवं क्लिक करून फोकल लेंथचा रकाना जोडा आणि त्यावर क्रम लावा. कार्यक्रमाचे फोटो ४० ते ५५ मध्ये साठले असतील तर पन्नासची लेन्स डोळे मिटून घ्या. बहुतेक १५० च्या पुढे असतील तर तुम्ही फार मागे बसला होतात, आणि आधी बसायची जागा बदलायला हवी. ५० ची सवय लावून पाहायची तर किट लेन्सची झूम रिंग ५० वर फिरवून कागदी चिकटपट्टीने बांधा आणि आठवडाभर घरात तशीच वापरा.

नवी लेन्स आणलीत की त्याच दिवशी फोकस तपासा, परत करायची मुदत संपायच्या आत. टेबलावर फूटपट्टी पंचेचाळीस अंशांत तिरपी ठेवा, दीड मीटरवरून एफ/१.८ ला मधल्या बिंदूने १५ च्या आकड्यावर फोकस करून व्ह्यूफाइंडरमधून पाच फोटो काढा, दर वेळी फोकस मुद्दाम बिघडवून. मग तसेच लाइव्ह व्ह्यूमधून, म्हणजे मागच्या पडद्यावर पाहून. लाइव्ह व्ह्यूत १५ स्पष्ट आणि व्ह्यूफाइंडरमध्ये दर वेळी १२ किंवा १८ स्पष्ट येत असेल, तर लेन्स आणि बॉडीचं जुळत नाही. महागड्या बॉडीत हे मेनूतून जुळवता येतं, १५००डीत नाही. लेन्स बदलून मागा किंवा दोन्ही सर्व्हिस सेंटरला द्या. या लेन्सची पुढची नळी जवळ फोकस करताना बाहेर येते आणि कॅमेरा बंद असताना रिंग फिरवून ती आत जात नाही, तेव्हा बंद करण्याआधी एकदा लांबच्या वस्तूवर फोकस करा. बाहेर आलेल्या नळीवर धक्का बसला की फोकसची यंत्रणा जाते. हूड (लेन्सच्या पुढे बसवायचं कडं) लावलेला असला तर तो धक्का हूड खातो.

निकॉनच्या वाचकांनी हेच उत्तर जसंच्या तसं घेऊ नये. डी३५०० आणि डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे स्वस्त दिसणारी एएफ ५० एमएम एफ/१.८डी त्यांवर हातानेच फोकस करावी लागते. एएफ-एस लिहिलेलीच घ्या. घर आणि कार्यक्रम दोन्हीसाठी एकच लेन्स हवी असेल तर ५० पेक्षा ३५ एमएम एफ/१.८ डीएक्स बरी.